धूमकेतू आला, पण भिंत पडली नाही

आमच्या वस्तीतल्या छोट्या वाचनालयात दर रविवारी संध्याकाळी पंधरा-वीस मुले-मुली जमतात. कोणी एक पुस्तक वाचून येतो, बाकीच्यांना सांगतो, मग वादविवाद होतो. मध्यंतरी असाच वाद रंगला होता. विषय होता, लेखकाचे जीवन त्याच्या लेखनात उतरते का? आत्मकथनांचे दाखले झाले, कवितांचे झाले. तेवढ्यात बारावी सायन्सला असलेली एक मुलगी उठून म्हणाली, "काका, आत्मकथनाचं मान्य. पण विज्ञानकथेत कसलं आलंय लेखकाचं आयुष्य? तिथं ग्रह, तारे, यंत्रं. गुरुत्वाकर्षण काय माणसाची जात विचारून ओढतं?"

सगळे हसले. मीही हसलो. प्रश्न बिनतोड होता. मी बी. कॉम. झालेला कारकून. रोजकीर्द आणि खतावणी यांच्यात आयुष्य गेलेले. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. म्हणून आठवडाभर विचार करून पुढच्या रविवारी मी त्यांना एक गोष्ट सांगितली. तीच आज आपल्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

गोष्टीचे नाव 'द कॉमेट', म्हणजे धूमकेतू. लेखक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे थोर नेते, समाजशास्त्रज्ञ आणि संपादक. त्यांच्या 'डार्कवॉटर' या १९२० साली निघालेल्या पुस्तकात निबंध आहेत, कविता आहेत आणि शेवटी शेवटी ही कथा आहे.

न्यूयॉर्क शहर. ब्रॉडवे नावाचा गजबजलेला रस्ता. तिथल्या एका बँकेत जिम डेव्हिस नावाचा कृष्णवर्णीय तरुण निरोप्या आहे, म्हणजे आपल्या भाषेत शिपाई. त्या दिवशी साऱ्या शहरात एकच विषय आहे, नवा धूमकेतू. बँकेचा अध्यक्ष थोरपणाचा आव आणून जिमला विचारतो, भीती वाटते का रे? आणि जाता जाता काम सांगतो. सर्वांत खालच्या तळघरात जुन्या दप्तराच्या दोन वह्या राहिल्या आहेत, त्या शोधून आण. त्या तळघरात पाणी झिरपू लागले आहे. मौल्यवान होते ते सर्व केव्हाच वर हलवले आहे. जिम मनात म्हणतो, बरोबरच आहे. धोक्याच्या जागी किमती माणसे थोडीच पाठवतात?

वाचकहो, इथे मी थबकलो. हे वाक्य आकाशाकडे बघून सुचत नाही. मी कचेरीत काम करतो. रेकॉर्ड रूम कशी असते हे मला ठाऊक आहे. ओल, वाळवी, बंद पडलेला दिवा. सतरा वर्षांपूर्वीची फाईल हवी असते तेव्हा साहेब आत जात नाहीत, मीही जात नाही. कोणाला पाठवले जाते हे सर्वांना माहीत असते. मी स्वतः कितीदा शिपायाला पाठवले आहे, हेही कबूल करतो. ती जागा कथेत नेमकी आली आहे, कारण लेखकाचा समाज तिथे रोज कोणाला तरी पाठवीत होता.

आणि त्या जागेमुळेच जिम वाचतो. तो खोल तळघरात असतानाच वर धूमकेतूचे शेपूट शहरावरून जाते, विषारी वायू पसरतो. जिम कसाबसा वर येतो तो पहारेकरी मेलेला, कारकून मेलेले, अध्यक्ष मेजाशी मेलेला. त्या क्षणी या माणसाच्या मनात पहिल्याप्रथम काय यावे? 'जगबुडी झाली' हे नव्हे. इतक्या प्रेतांत आणि इतक्या पैशांत मी एकटा काळा माणूस सापडलो तर माझे काय होईल, हे येते. तो बाजूच्या दाराने सटकतो. रस्त्यावर सारे शहर निपचित पडले आहे, आणि हा जिवंत माणूस चोरीच्या आळाला भितो आहे!

पुढे तो फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील एका नामांकित उपाहारगृहात शिरतो आणि भुकेपोटी कसेबसे खाऊन घेतो. काल इथे मला वाढले नसते, असे तो पुटपुटतो. वास्तविक न्यूयॉर्क राज्यात उपाहारगृहांतला वर्णभेद १८९५ पासून कायद्याने बंद होता. कायदा पुस्तकात आणि माणूस दाराबाहेर, हा प्रकार आपल्याला नवा नाही. परंतु केवढी ही किंमत पाहा. एका काळ्या माणसाला एका टेबलावर बसून जेवायला मिळावे म्हणून सारे शहर मरावे लागले.

मग बहात्तराव्या रस्त्यावर त्याला हाक ऐकू येते. ज्युलिया नावाची श्रीमंत गोरी तरुणी खिडकीत उभी आहे. धूमकेतूची छायाचित्रे धुण्यासाठी ती काळोख्या खोलीत होती, म्हणून वाचली. पहिल्या धांदलीत तो काळा आहे हे तिच्या ध्यानात येत नाही आणि ती गोरी आहे हे त्याच्या मनात येत नाही. दोघे मोटारीतून शहरभर फिरतात. तो हार्लेममध्ये आपल्या माणसांच्या शोधात जातो आणि राखेसारखा चेहरा घेऊन परत येतो. टेलिफोनच्या कचेरीत ती जगाला हाका मारते, पलीकडून कोणीच बोलत नाही. तेव्हा एकदम तिला भीती वाटते, प्रेतांची नव्हे, या माणसाची! ती पळत सुटते. पुन्हा भानावर येऊन परतते. अखेर मेट्रोपोलिटन टॉवरच्या गच्चीवर रात्री दोघे उभे असतात. जगात आपण दोघेच उरलो अशी त्यांची समजूत झालेली. तिथे हळूहळू गोरी-काळा, मालकीण-नोकर हे सारे गळून पडते आणि फक्त एक स्त्री व एक पुरुष उरतात.

(इथली भाषा मला फार अलंकारिक वाटते. चांगली दोन पाने लेखक ढगांत गेला आहे.)

आणि तेवढ्यात खाली मोटारीचा भोंगा वाजतो! ज्युलियाचा बाप आणि तिचा होणारा नवरा शहराबाहेर गेले होते, ते परत आले. मेले ते फक्त न्यूयॉर्क, बाकीचे जग शाबूत आहे. ते कळताक्षणी सारे पूर्ववत होते. होणाऱ्या नवऱ्याला आधी संशय येतो. बाप नाव विचारतो, जिम डेव्हिस असे पूर्ण नाव ऐकून त्याला 'जिम' म्हणूनच हाक मारतो, तुमचे लोक मला पहिल्यापासून आवडतात म्हणतो, हातात नोटा कोंबतो आणि काम हवे असेल तर ये म्हणतो. गर्दी जमते. गर्दीतून एक शिवी येते, फासावर लटकवा अशी आरोळी येते. दुसरा म्हणतो, राहू द्या, याने तिला वाचवले आहे. मग ती गर्दी बाजूला सारून कष्टाने झिजलेली एक लहानखुरी, सावळी बाई पुढे येते. तिच्या कडेवर तिचे मेलेले बाळ आहे. ती जिमची बायको. तो हुंदका देऊन तिला मिठीत घेतो. गोष्ट संपते.

धूमकेतूच्या कथा आपल्याकडेही आहेत. डॉ. जयंत नारळीकरांची 'धूमकेतू' अनेकांनी वाचली असेल. तिच्यात शास्त्रज्ञांची आकडेमोड आहे आणि संकट टळावे म्हणून घातलेला यज्ञही आहे. खगोलशास्त्राला वाहून घेतलेला आणि अंधश्रद्धेशी आयुष्यभर झगडलेला माणूस धूमकेतूकडे पाहील तर त्याला हेच दिसेल. ड्यू बॉइस यांना त्याच शेपटीच्या उजेडात तळघर, जेवणाचे टेबल, फासाची दोरी आणि मेलेले बाळ दिसले. का दिसले?

त्यांचा जन्म १८६८ चा, मॅसॅच्युसेट्समधील ग्रेट बॅरिंग्टन या लहान गावातला. शाळेत असताना मुलामुलींनी एकमेकांना भेटीची कार्डे देण्याचा खेळ काढला. नव्याने आलेल्या एका मुलीने या मुलाचे कार्ड घेतले नाही. बस्स, एवढेच. पण आपल्यात आणि जगात एक पडदा आहे हे त्या दिवशी कळले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. कथेतल्या ज्युलियाने जिमला हाक मारली, त्याच्या मोटारीत बसली, याचे मोल या कार्डाच्या हिशेबाने लावावे लागते.

पुढे फिस्क, हार्वर्ड, बर्लिन असे शिक्षण घेऊन १८९५ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. त्यांची विज्ञानावर अपार श्रद्धा होती. लोक आपला द्वेष करतात तो अज्ञानामुळे, खरी माहिती समोर ठेवली की द्वेष जाईल, असे त्यांना वाटे. म्हणून फिलाडेल्फिया शहरात सुमारे २,५०० घरांची दारे स्वतः ठोठावून त्यांनी पाहणी केली आणि १८९९ मध्ये तिचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तक्ते, आलेख, टक्केवारी, सारे काही चोख. माझ्यासारख्या आकडेमोड करणाऱ्याला त्या कामाविषयी आदर वाटतो.

पण १८९९ हेच वर्ष वैऱ्याचे ठरले. ते तेव्हा जॉर्जिया राज्यात अटलांटा विद्यापीठात शिकवीत होते. एप्रिल महिन्यात सॅम होज नावाच्या काळ्या शेतमजुराला जमावाने जिवंत जाळले. ड्यू बॉइस यांनी संयमी भाषेत एक निवेदन लिहिले आणि ते वर्तमानपत्राच्या कचेरीत द्यायला निघाले. वाटेत त्यांना कळले की, सॅम होजच्या बोटांची हाडे याच रस्त्यावर पुढे एका वाणसामानाच्या दुकानात मांडून ठेवली आहेत. ते तिथूनच मागे फिरले. माणसे अशी जाळली जात असताना शांत, अलिप्त शास्त्रज्ञ म्हणून राहता येत नाही, हे त्या दिवशी त्यांना उमगले.

त्यानंतर महिनाभरातच, २४ मे १८९९ रोजी, त्यांचा पहिला मुलगा बर्गहार्ट घटसर्पाने गेला. वय अवघे दीड वर्षाचे. जॉर्जियाच्या त्या मातीत त्याला पुरणे आईबापांना नको वाटले. त्यांनी त्याला उत्तरेत, आपल्या गावी नेऊन पुरले. अटलांट्यातून ती छोटी अंत्ययात्रा निघाली तेव्हा रस्त्यावरच्या गोऱ्यांनी एक नजर टाकली आणि तीच ती शिवी हासडली. बाळाच्या प्रेतालाही ती चुकली नाही. १९०३ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात त्यांनी या मृत्यूवर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. आणि म्हातारपणीच्या आत्मचरित्रात ते म्हणतात की, त्या बाळाबरोबर एका अर्थी माझी पत्नीही गेली, ती पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही.

आता गोष्टीचा शेवट पुन्हा आठवा. गर्दी, शिवी, मेलेले बाळ आणि त्याची आई. एकवीस वर्षे ते बाळ या माणसाच्या मनात होते आणि ते धूमकेतूच्या गोष्टीत येऊन उतरले. विज्ञानकथेच्या आवरणामुळे त्याला एक गोष्ट मात्र करता आली, जी प्रत्यक्षात झाली नव्हती. आई हरवली नाही, ती परत आली.

धूमकेतू तरी त्यांनी कुठून आणला? तोही समाजातूनच. मे १९१० मध्ये हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटीतून पृथ्वी जाणार होती. त्या शेपटीत सायनोजेन हा विषारी वायू आहे असे शास्त्रज्ञांना आढळले आणि वर्तमानपत्रांनी त्याचा बोभाटा केला. लोकांनी दाराखिडक्यांच्या फटी बुजवल्या. धूमकेतूवरच्या गोळ्याही बाजारात खपल्या! प्रत्यक्षात कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. त्याच वर्षी ड्यू बॉइस अटलांटा सोडून न्यूयॉर्कला आले आणि 'द क्रायसिस' हे मासिक काढू लागले. त्याची पहिली कचेरी व्हेसी स्ट्रीटवर, ब्रॉडवेला लागूनच होती. जिमची बँक ज्या गर्दीत आहे ती गर्दी हा संपादक रोज पाहत होता. नंतर १९१५ पासून महायुद्धात खरोखरच विषारी वायू सोडून माणसे मारण्यात आली. १९१० मधली हास्यास्पद भीती १९२० मध्ये हास्यास्पद राहिली नव्हती.

कथेत निःशब्द झालेला फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूही त्यांनी एकदा पाहिला होता, असे मला वाटते. २८ जुलै १९१७ रोजी, ईस्ट सेंट लुईस येथील कृष्णवर्णीयांच्या हत्याकांडाच्या निषेधार्थ, सुमारे दहा हजार कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष-मुले त्या रस्त्यावरून चालत गेली. पुढे पांढऱ्या कपड्यांत मुले आणि स्त्रिया, मागे गडद कपड्यांत पुरुष. घोषणा नाही, गाणे नाही, फक्त ढोलांचा दबका आवाज. ड्यू बॉइस त्या मोर्चात होते. मोर्चा मॅडिसन स्क्वेअरच्या दिशेने गेला, आणि मेट्रोपोलिटन टॉवर त्याच चौकात उभा आहे. सातशे फूट उंचीचा हा मनोरा १९०९ पासून काही वर्षे जगातली सर्वांत उंच इमारत होता. ज्याला त्या इमारतीच्या मागच्या दाराने जावे लागले असते त्याला लेखकाने तिच्या माथ्यावर नेऊन उभे केले.

गर्दीतल्या फासाच्या आरोळीबद्दल निराळे सांगावयास नको. ड्यू बॉइस ज्या संघटनेचे काम करीत होते तिने १९१९ मध्ये तीस वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. १८८९ ते १९१८ या काळात जमावाने ३,२२४ माणसे मारली होती, पैकी २,५२२ कृष्णवर्णीय. गोऱ्या स्त्रीकडे वाकड्या नजरेने पाहिले, हे निमित्त त्यासाठी पुष्कळदा पुरत असे. गोऱ्या-काळ्यांच्या विवाहावरची बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांतून उठवली ती १९६७ साली. म्हणजे त्या गच्चीवरचा प्रसंग लिहिणे हेच १९२० मध्ये मोठे धाडस होते, तो कितीही अलंकारिक असला तरी.

ज्याने २,५०० घरे फिरून पुरावे गोळा केले त्याला पुरावे पुरत नाहीत हे कळले, तेव्हा त्याने कल्पनेत एक प्रयोग मांडला, असे मी समजतो. प्रयोगशाळेत एक घटक काढून घेतात आणि काय उरते ते पाहतात. यांनी अर्ध्या दिवसासाठी समाजच काढून घेतला. दोन माणसे उरली. समाज परत ठेवला आणि तासाभरात शिवी, संशय व बक्षिसीच्या नोटा परत आल्या. विज्ञानाच्या दृष्टीने कथेत उणिवा आहेत. वायू शहरापुरताच कसा थांबला, कोण कसे वाचले, याची नीट उत्तरे नाहीत. पण प्रयोगाचा निष्कर्ष मला तरी खोडता येत नाही.

आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. परमपूज्य बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, आणि ते विद्यापीठ हार्लेमला लागून आहे. जिम ज्या शहरात वावरतो ते हेच शहर आणि जवळपास हाच काळ. पुढे जुलै १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. मी निग्रोंच्या प्रश्नाचा अभ्यासक आहे, अस्पृश्यांच्या आणि निग्रोंच्या स्थितीत फार साम्य आहे, असे सांगून संयुक्त राष्ट्रांकडे निग्रोंतर्फे गेलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांनी मागवल्या. ३१ जुलैला ड्यू बॉइस यांचे उत्तर आले. तुमचे नाव मी जाणतो आणि भारतातील अस्पृश्यांबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे, असे त्यांनी कळवले.

रविवारी सांगण्याआधी ही गोष्ट मी घरी सांगून पाहिली होती. माझी पत्नी भाजी निवडता निवडता ऐकत होती. शेवट ऐकून तिने विचारले, "अहो, पण त्या बाईचं नाव काय?"

मी पुस्तक पुन्हा उघडले. ज्युलियाला नाव आहे, जिमला नाव आणि आडनाव आहे. जिमच्या बायकोला नाव नाही. तिच्या वाट्याला मोजक्या ओळी आल्या आहेत. लेखकाच्या पत्नीचे नाव नीना होते, एवढे मी सांगू शकलो. तिने मान हलवली, पण तिचे समाधान झालेले दिसले नाही. माझेही झाले नाही. ज्याने इतके पाहिले त्याच्या नजरेतूनही हे सुटले, हासुद्धा त्याच्या काळाचाच ठसा म्हणायचा.

रविवारी ती मुद्दाम माझ्याबरोबर आली. गोष्ट सांगून झाल्यावर ती सायन्सची मुलगी लगेच उठली. म्हणाली, "काका, पण एक चूक आहे. जिम तळघरात होता म्हणून वाचला. ज्युलिया बंद खोलीत होती म्हणून वाचली. मग त्याची बायको कशी वाचली? ती त्या वेळी कुठं होती?"

मी म्हणालो, लेखकाने सांगितलेले नाही.

माझी पत्नी मागच्या सतरंजीवर बसली होती. ती म्हणाली, "कुठं असणार बाई? कुणाच्या तरी बंगल्याच्या तळघरात धुणं धूत असेल. वरचा आवाज खाली येत नसेल."

मुलगी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि बाळ?"

"बाळ घरी असेल," पत्नी म्हणाली. "कामावर मूल आणू देत नसतील."